ग्रीन टी, जपानी किटली आणि तुमची तब्येत

ग्रीन टी हे औषध नाही. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज व्हायला नको. ग्रीन टी हे एक पेय आहे आणि नीट केलं तर चवीलाही छान लागतं. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ते पेय म्हणून कमी आणि काढा म्हणून जास्त प्यायलं जातं. ‘वजन उतरतं म्हणतात’ म्हणून तोंड वाकडं करून कसंबसं घशाखाली ढकललं जातं.

आता त्यात जपानी किटलीची भर पडली आहे. मनोरी, गोराई, मार्वे, मालवणी या पट्ट्यातल्या घरांतही ती दिसू लागली आहे. कुणाच्या मुलाने परदेशातून येताना आणलेली असते, कुणी ऑनलाइन मागवलेली असते, कुणाला लग्नात आहेर म्हणून आलेली असते. मग प्रश्न सुरू होतात. लोखंडी किटलीतला चहा प्यायला तर हिमोग्लोबिन वाढतं का? मातीची किटली गॅसवर ठेवायची का? ती साबणाने घासायची का? आणि एवढा खर्च करून तब्येतीला काही फायदा आहे का?

माझं मत थोडक्यात असं: किटलीने तुमची तब्येत सुधारणार नाही, पण चहा सुधारेल. चहा सुधारला तर त्यात साखर घालावी लागणार नाही. किटलीचं आणि आरोग्याचं खरं नातं एवढंच आहे, आणि ते लहान नाही.

कडूपणा येतो कुठून?

आपला रोजचा दुधाचा चहा आणि ग्रीन टी ही एकाच झाडाची पानं. फरक प्रक्रियेचा. काळ्या चहासाठी पान चुरगळून हवेवर ठेवतात, त्यामुळे ते काळपट होतं. ग्रीन टीसाठी पान तोडल्यावर लगेच उष्णता देऊन ही क्रिया थांबवतात. चीनमध्ये बहुतेक वेळा कढईत परतून, जपानमध्ये वाफ देऊन. आज जपानमध्ये रोज प्यायला जाणारा ‘सेन्चा’ करण्याची पद्धत १७३८ साली उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी बसवली असं मानतात. आपल्याकडेही कांगडा, दार्जिलिंग, आसाममध्ये ग्रीन टी तयार होतो. आणि हो, दारात लावलेला गवती चहा हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चहाच नव्हे, ते एक सुगंधी गवत आहे.

ग्रीन टीच्या पानात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात. कॅटेचिन, ज्यामुळे तुरटपणा येतो. कॅफीन, जे कडू असतं आणि तरतरी देतं. आणि थिअनिन, ज्यामुळे चहाला मऊ, गोडसर चव येते. पाणी जितकं गरम आणि पान जितका वेळ पाण्यात, तितकं कॅटेचिन आणि कॅफीन जास्त उतरतं. थिअनिन मात्र कमी गरम पाण्यातही छान उतरतं. म्हणून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बॅग बुडवून ठेवली की हाती येतो तो कडू-तुरट काढा. मग तो पिववत नाही, म्हणून त्यात दोन चमचे मध जातो. मध म्हणजे शरीराच्या हिशेबात साखरच.

दावे किती, पुरावा किती?

चहाला औषध म्हणणं नवीन नाही. एइसाई नावाच्या जपानी बौद्ध भिक्षूने १२११ साली चहाचे गुण सांगणारं ‘किस्सा योजोकी’ हे पुस्तक लिहिलं. १२१४ साली रात्रीच्या मद्यपानाने बेजार झालेल्या शोगुनला त्याने चहा पाजला आणि सोबत चहाची स्तुती करणारं लिखाणही दिलं, अशी नोंद आहे. जाहिरातीची ही रीत आठशे वर्षं जुनी आहे म्हणायची!

आजचा पुरावा काय सांगतो? जपानच्या मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात ४०,५३० प्रौढांवर केलेला मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा अधिक पेले ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू आणि हृदयविकार-पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिकडचा पेला साधारण १०० मि.ली.चा, आपल्या मगाच्या निम्म्याहून लहान. आणि हा निरीक्षणाचा अभ्यास होता. चहा पिणारी माणसं इतर बाबतीतही वेगळी जगत असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय चहाला देता येत नाही.

वजनाचं काय? २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा की ग्रीन टीमुळे उतरणारं वजन इतकं थोडं आहे की तब्येतीच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही.

मग फायदा कुठे आहे? तो साखरेच्या हिशेबात आहे. तुम्ही दिवसाला चार कप गोड चहा पिता आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालता असं धरू. एक चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम साखर झाली, म्हणजे सुमारे १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असावी. चारातले दोन कप बिनसाखरेच्या ग्रीन टीचे झाले तर रोज २० ग्रॅम साखर कमी झाली. महिन्याला ६०० ग्रॅम! मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसासाठी ही बचत महत्त्वाची आहे. पण त्यासाठी चहा साखरेशिवाय पिण्याजोगा व्हायला हवा. इथे किटली कामाला येते.

किटली निवडताना

जपानी किटली म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते.

पहिली ‘क्यूसू’. ही चहा मुरवण्याची छोटी किटली, मातीची किंवा चिनीमातीची. बहुतेक वेळा तिची मूठ तोटीच्या काटकोनात, बाजूला असते, त्यामुळे एका हाताने मूठ धरून त्याच हाताच्या अंगठ्याने झाकण दाबता येतं. आइची प्रांतातल्या तोकोनामे गावच्या लालसर मातीच्या क्यूसू प्रसिद्ध आहेत.

दुसरी ‘तेत्सुबिन’, म्हणजे बिडाची, ओतीव लोखंडाची किटली. इवाते प्रांतातलं हे काम नावाजलेलं आहे. मुळात ही पाणी उकळण्याची किटली आहे, चहा मुरवण्याची नव्हे. बाजारात त्याच आकाराच्या, आतून एनॅमलचा थर दिलेल्या लोखंडी किटल्याही मिळतात. त्या फक्त चहा मुरवण्यासाठी. त्या गॅसवर ठेवायच्या नाहीत, आतला थर तडकतो. विकत घेण्याआधी झाकण उघडून आत बघा. गुळगुळीत चकचकीत थर दिसला तर ती चुलीवर चढवायची नाही.

आता हिमोग्लोबिनचा प्रश्न. एनॅमलच्या किटलीतून लोह उतरत नाही. उघड्या लोखंडाच्या किटलीत उकळलेल्या पाण्यात थोडं उतरतं, पण त्यात चहा टाकला की चहातली तुरट द्रव्यं त्या लोहाला धरून ठेवतात. चहा शाईसारखा काळपट होतो आणि लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून हे ठासून सांगते: लोखंडी कढईत केलेली पालेभाजी आणि वर पिळलेलं लिंबू हा चांगला उपाय आहे, लोखंडी किटलीतला चहा हा उपाय नाही.

निवडताना एवढं पाहा:

• आकार लहान घ्या. एकट्याला किंवा दोघांना २०० ते ३०० मि.ली. पुरते. मोठ्या किटलीत चहा उरतो आणि उरलेला चहा कडू होतो.

• आतली जाळी नीट पाहा. जपानी चहाची पानं बारीक असतात. तोटीच्या तोंडाशी मोठी भोकं असतील तर पानं अडकतात. मोकळी रुंद जाळी हवी, म्हणजे पान फुलायला जागा मिळते. छोट्या गोल डबीसारख्या गाळणीत पान कोंडून राहतं.

• हातात धरून बघा. सांधेदुखी, हाताला कंप किंवा मनगटाचं दुखणं असेल तर बिडाची जड किटली घेऊ नका. गरम पाण्याने भरल्यावर ती आणखी जड होते आणि भाजण्याचा धोका वाढतो. हलकी चिनीमातीची घ्या.

• डावखुरे असाल तर बाजूच्या मुठीची किटली बहुधा उजव्या हातासाठी केलेली असते हे लक्षात ठेवा. मागे किंवा वर मूठ असलेली तुम्हाला सोयीची.

• रस्त्यावरच्या, कुठे बनली हे माहीत नसलेल्या भडक रंगाच्या भांड्यांपासून दूर राहा. हलक्या दर्जाच्या चकाकीत शिसं असू शकतं. शोभेची किटली शोकेसमध्येच शोभते.

मनोरीच्या हवेत

जपानी पुस्तिकेतल्या सूचना आपल्या खाडीकाठी जशाच्या तशा चालत नाहीत. इथली हवा खारी आणि दमट. चार महिने पाऊस. भिंतीला ओल येते तिथे किटलीचं काय होणार?

बिडाची उघडी किटली इथे लवकर गंजते. घेतलीच असेल तर वापर झाल्यावर पाणी पूर्ण ओता आणि झाकण काढून ठेवा, म्हणजे तिच्याच उष्णतेने ती आतून वाळते. पाणी घालून रात्रभर ठेवू नका.

बिनचकाकीची मातीची क्यूसू वास आणि ओल दोन्ही शोषते. तिला साबण लावायचा नाही, गरम पाण्याने खळबळून धुवायची आणि उघडी, उपडी ठेवून पूर्ण वाळवायची. पावसाळ्यात ओली किटली झाकण लावून कपाटात ठेवली की आत बुरशी धरते. धुऊनही कुबट वास आणि काळे डाग जात नसतील तर ती वापरू नका.

म्हणून इथे राहणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे: आतून चकाकी असलेली चिनीमातीची छोटी किटली घ्या. ती वास धरत नाही, लवकर वाळते आणि चहा तितकाच चांगला होतो.

चहाच्या पानांनाही वास लगेच लागतो. ज्या फडताळात सुकट, सुके बोंबील किंवा बाटली मसाला आहे, तिथे चहाची पुडी ठेवलीत तर चहाला सुक्या मासळीचाच वास येईल. घट्ट झाकणाच्या डब्यात, लहान पुड्यांतला चहा ठेवा आणि उघडलेली पुडी महिन्याभरात संपवा. न उघडलेली पुडी फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नाहीतर दमट हवेतलं पाणी गार पानांवर बसतं आणि चहा मऊ पडतो.

पाणीही महत्त्वाचं. मुंबईला तलावांतून येणारं पालिकेचं पाणी मृदू असतं, ते ग्रीन टीला उत्तम. खाडीकाठच्या विहिरीचं किंवा बोअरचं मचूळ पाणी वापरलं तर कितीही महागडी किटली आणा, चहा बेचव होणार.

चहा करायचा कसा?

१. पाणी आधी खळखळून उकळा. ग्रीन टीला ७० ते ८० अंशांचं पाणी लागतं याचा अर्थ पाणी तेवढंच तापवायचं असा नाही. विशेषतः पावसाळ्यात पाणी पूर्ण उकळून मग निववायचं.

२. थर्मामीटरची गरज नाही. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी आधीच उकळून गार केलेलं पाणी मिसळलं की साधारण ८० अंश होतात. दोनास एक घेतलं तर सुमारे ७५. दुसरी रीत जपानी घरांतली: उकळतं पाणी आधी रिकाम्या पेल्यांत ओता. एका भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की पाणी साधारण दहा अंशांनी उतरतं. पेलेही गरम होतात आणि पाण्याचं मापही कळतं.

३. २०० मि.ली. पाण्याला ४ ते ५ ग्रॅम पान, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे.

४. किटलीत पान, त्यावर पाणी, झाकण, आणि एक मिनिट थांबा. ढवळू नका, किटली हलवू नका.

५. दोन पेले असतील तर थोडं याच्यात, थोडं त्याच्यात असं आलटून पालटून ओता, म्हणजे दोन्हींची चव सारखी होते. शेवटचा थेंबही ओता. आत राहिलेलं पाणी पुढच्या वेळचा चहा कडू करतं.

६. तीच पानं पुन्हा वापरा. दुसऱ्या वेळी पाणी किंचित जास्त गरम आणि वेळ फक्त १५-२० सेकंद. तिसऱ्यांदाही चालतं. दिवसभर ओली पानं ठेवून रात्री पुन्हा पाणी घालणं मात्र नको.

‘होजिचा’ हा भाजलेला जपानी चहा उकळत्या पाण्यातही चांगला होतो आणि त्यात कॅफीन कमी असतं. धांदरट माणसाला तो बरा!

कमी तापमानाचा आणखी एक फायदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं वर्गीकरण केलं. हे दुधाच्या चहालाही लागू आहे. ओठ भाजेल इतका गरम चहा फुंकर मारत पिण्याची सवय सोडा.

कोणी जपून प्यावा?

• रक्तक्षय असेल तर जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच नको. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत चहा-कॉफी जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास टाळावी असं सांगितलं आहे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर कधीच घेऊ नका. थायरॉइडची गोळीही नाही.

• झोप लागत नसेल, धडधड होत असेल तर संध्याकाळनंतर नको. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाचं कॅफीन ३०० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. गरोदर स्त्रियांनी ते २०० च्या आत ठेवावं, आणि त्यात दुधाचा चहा, कॉफी, कोला सगळं मोजावं.

• रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर चहाचं प्रमाण एकाएकी वाढवू नका, आधी डॉक्टरांना सांगा. नॅडोलॉल या रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम ग्रीन टीने कमी होतो. ‘माच्चा’मध्ये पूर्ण पानाची पूड पोटात जाते, म्हणून तिथे जास्त काळजी.

• ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आणि ‘फॅट बर्नर’ पावडरी घेऊ नका. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मि.ग्रॅ. किंवा जास्त ईजीसीजी हे कॅटेचिन गेलं तर यकृताला इजा होत असल्याची चिन्हं दिसतात. साध्या, पाण्यात मुरवलेल्या चहाबाबत एरवी अशी भीती नाही. गोळ्या घेत असाल आणि लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, भूक मेलेली वाटली तर गोळ्या बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मनोरीसारख्या ठिकाणाहून रात्री-अपरात्री दवाखाना गाठणं किती कठीण असतं हे तुम्ही जाणता, उद्यावर ढकलू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. ग्रीन टी सुरू केला म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी बंद करायची नाही. अशी गोळी सोडलेली माणसं मी पाहते. चहाने त्यांचं नुकसान झालेलं नसतं, चहावर ठेवलेल्या भरवशाने झालेलं असतं.

मग किटली घ्यावी का?

आवडत असेल तर जरूर घ्या. सकाळची दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून पाणी निवण्याची वाट पाहणं ही चांगली सवय आहे. पण तब्येतीसाठी म्हणून कर्जाऊ किंवा ऐपतीबाहेर जाऊन घेऊ नका. घरातल्या चिनीमातीच्या कपात पान टाका, बशी झाका, एक मिनिटाने दुसऱ्या कपात गाळा. तापमान आणि वेळ पाळलीत तर चव जवळपास तीच येईल.

आणि ग्रीन टी आवडतच नसेल तर? तर पिऊ नका. त्यावाचून तुमचं काही अडलेलं नाही. परसातला गवती चहा, आल्याचा तुकडा, साखर नाही. त्यात कॅफीनही नाही. तो साध्या पातेल्यात उकळला तरी चालतो. रोजचं चालणं, ताजी मासळी, भाजी, वेळेवर गोळ्या आणि पुरेशी झोप यांच्याशी बरोबरी करील अशी किटली अजून जपानमध्येही घडलेली नाही.